गायकवाड सरांची उन्हातली बाई

गायकवाड सरांच्या घरी पाहुणा आला, की पाण्याचा तांब्या यायच्या आत सर त्याला एका उघड्या बाईसमोर उभं करायचे.

बाई चित्रातली. सर शिरूरच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. पुण्याला रस्त्यावर घेतलेल्या जुन्या परदेशी पुस्तकातलं पान त्यांनी फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलं होतं. बाई झाडाखाली बसलेली. अंगावर कपडा नाही, नुसते पानांतून पडलेले उन्हाचे कवडसे. पाहुणा बिचारा फरशी बघत उभा राहायचा.

"अंग बघू नका, रंग बघा," सर म्हणायचे. "खांदा कुठल्या रंगाचा हाय?"

"गोरा."

"नीट बघा. हिरवा हाय. काखेपाशी जांभळा. आन् कडेला रेघ दिसती का कुठं? न्हाई. नुसता रंगाला रंग टेकवून गोल खांदा उभा केलाय."

मग पाहुण्याला दारापर्यंत मागं रेटायचं आणि परत नाक टेकेल इतकं पुढं आणायचं. गॅसवाल्याला तर टाकी खांद्यावर असतानाच मागंपुढं केलं होतं. गल्लीतल्या बायका नाकं मुरडायच्या. मी शेजारीण, मीही त्यातलीच.

त्यांच्या बायकोला, सुमनताईंना, कोड होतं. मानेवर, दंडावर पांढरे डाग. मे महिन्यातही मनगटापर्यंत बाह्या आणि गळ्याभोवती पदर. लग्नाकार्याला त्या जात नसत. पाहुणे आले की चहा आतूनच सरकवायच्या.

एकदा खुटबावहून सुमनताईंचे वडील, आबा, नातीच्या लग्नाचं सांगायला आले. मी तेव्हा तिथंच बसले होते. आबांनी जयभीम घातला, आणि सरांनी सासऱ्यालाही सोडलं नाही. आबा चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "जावईबापू, हिला बी आमच्या सुमनसारखंच झालंय की."

आत भांड्यांचा आवाज थांबला. मला कुठं बघावं कळेना.

सर शांतपणे म्हणाले, "व्हय आबा. मला बी पयल्यांदा तसंच दिसलं, म्हणून तर आणली. जगभरची माणसं तिकीट काढून हिला बघाया जात्यात."

थोड्या वेळानं सुमनताई चहाचा ट्रे घेऊन स्वतः बाहेर आल्या. आबांच्या हातात कप दिला आणि तिथंच खुर्चीवर बसल्या.

त्याच आठवड्यात त्या ब्लाऊजचं कापड घेऊन माझ्याकडं आल्या. गल्लीतल्या बायकांचं शिवण मीच करायचे.

"बाही कोपराच्या वर ठेव," त्या म्हणाल्या.

मी मान वर न करता टेप उचलली. म्हटलं, "ठेवते की."

लग्नाच्या दिवशी सकाळी त्या पिस्ता रंगाचं ब्लाऊज घालून बाहेर आल्या आणि भर गल्लीतून चालू लागल्या. सर मागं राहिले, दाराला कुलूप लावत. बराच वेळ ते दाराकडं तोंड करूनच उभे होते. कुलूप केव्हाच लागलं होतं.