बेनिताच्या आवाजाला घातलेलं कुलूप

आमच्या गावच्या रेडिओ केंद्राचा संगणक माझ्याशिवाय आता देवालाही सुरू करता येणार नाही, असं मी सभेत छातीठोकपणे सांगितलं होतं. कारणही तसंच होतं. निवडणुकीच्या धामधुमीत कुणीतरी आमचे कार्यक्रम पुसून टाकले होते. म्हणून संगणक सुरू होताना, कुठून सुरू व्हायचं हे विचारणारी जी यादी सगळ्यात आधी दिसते, तिलाच मी पासवर्ड लावला: ‘न्यांदुती’. आमच्या बायका विणतात ती कोळ्याच्या जाळ्यासारखी लेस. पुढे महिनाभर संगणक बंदच केला नाही, त्यामुळे पासवर्ड टाकायची वेळही आली नाही.

ती आली बेनिताच्या मातीच्या दिवशी.

बावीस वर्षं बेनिताने रोज पहाटे रेडिओवरून गाव जागं केलं. आजारपणात तिने शेवटचा निरोप माझ्यासमोर रेकॉर्ड केला. “मला पुरायच्या आधी लाव, सिंफो,” एवढंच म्हणाली.

चर्चसमोर शवपेटी ठेवलेली, शेजारच्या रेडिओ केंद्रातून कर्णा जोडलेला, सगळं गाव उन्हात उभं. तेवढ्यात वीज गेली. पाच मिनिटांत आली, पण संगणक बंद पडला होता. मी तो सुरू केला, पासवर्ड टाकला. चूक. पुन्हा टाकला. चूक. सात वेळा टाकला. घामाने बोटं कळांवरून घसरायला लागली.

बेनिताचा नवरा, रुफिनो, केंद्राच्या दारात आला. “घाई नाही, बाबा. ती आता कुठं जाणार आहे?”

ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच्या मागून बेनिताची धाकटी बहीण ओबदुलिया आत आली. ती मुलींच्या शाळेत संगणक शिकवते. मी तिच्या कानात पासवर्ड सांगितला.

“अरे, पासवर्ड ठरवलास तेव्हा कीबोर्ड आपला होता, पण या सुरुवातीच्या पडद्यावर तो इंग्रजी असतो,” ती म्हणाली. “‘एन’च्या डोक्यावर लाट असलेलं आपलं ‘न्य’ हे अक्षर तिथं नाहीच. तू ती कळ दाबतोस, तिथं अर्धविराम उमटतो.”

“मग ते अक्षर आणू कुठून?”

“कुठूनच नाही.”

तिने पर्समधून शाळेतले बंद पडलेले संगणक चालू करायचा पेनड्राइव्ह काढला, संगणकाला लावला, एक कळ दाबून त्याच्यावरूनच संगणक सुरू केला. तीन मिनिटांत बेनिताची फाइल समोर!

“आणि माझं कुलूप?”

“आहे की जागेवर. तू फाटकाला कुलूप लावलंस, सिंफो. कुंपण घालायचं राहिलं.”

कर्ण्यातून बेनिताचा आवाज आला, जरा खरखरीत. “रुफिनो, तांबडी गाय विकू नकोस. रक्तदाबाच्या गोळ्या कपाटात वरच्या खणात आहेत. आणि पोरींनो, सुतक म्हणून वर्षभर काळे कपडे घालून बसू नका, इथं फार उकडतं.” बायका हसल्या, आणि हसता हसताच रडायला लागल्या. रुफिनोने टोपी काढून छातीशी धरली.

माती देऊन झाल्यावर त्याने मला कितीतरी वेळ मिठीत धरलं.

“तिचा आवाज किती जपून ठेवलास रे,” तो म्हणाला.

ओबदुलिया शेजारीच उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली. खरं सांगायला मी तोंड उघडलंही होतं. पण रुफिनोचे डोळे भरून आले होते, म्हणून मी मान खाली घातली आणि म्हणालो, “माझं कामच आहे ते.”