मावशीचे संशयित

सुमनमावशी चोर ओळखते ती त्याच्या तिसऱ्या वर्षीच्या वजनावरून. हसू नका. मीही आधी हसलो होतो, आणि मग दर रविवारी दुपारी माझ्या मोबाइल-दुरुस्तीच्या दुकानाचं शटर ओढून आतच तिच्या पॉडकास्टचं रेकॉर्डिंग करायला लागलो. तेही फुकट!

मावशी माझी नात्यानं कोणी नाही. अर्जुनी मोरगावजवळच्या आमच्या गावात ती तीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. गावातली निम्मी माणसं तिच्या हातची खिचडी खाऊन वाढली. मीसुद्धा.

रिटायर झाल्यावर तिनं 'कोनं केलन?' सुरू केलं. गुन्ह्यांचा कार्यक्रम, पण आमच्याकडे खून होत नाहीत ही मोठी पंचाईत. "एखादा तं होऊ दे ना बापा," असं ती इतक्या आशेनं म्हणायची, की मी दोन हात लांब सरकून बसायचो. शेवटी कोंबडाचोरीवर भागवलं.

पण सांगायची पद्धत काय सांगू! एकदा धानाचं पोतं गेलं, आणि सगळ्यांचा संशय एकाच गड्यावर. मावशीनं माइकसमोर जाहीर केलं, "तो नाही. तीन वर्साचा होता तवा साडेनऊ किलो भरे. त्याच्यानं पोतं उचलनं होतच नाही."

"मावशी, आता तो शंभर किलोचा आहे."

"तू चूप बस बे. चार वर्साचा झाला तरी चड्डी ओली करे तू."

हे कापायचं मी विसरलो. हायवेवरच्या कोहमाऱ्याच्या ढाब्यांवर ट्रकवाले अजून मला त्यावरूनच ओळखतात. मावशीला मात्र त्यांनी डोक्यावर घेतलं. रायपूरकडे निघालेले ड्रायव्हर फोन करून विचारायचे, "मावशी, आगे क्या हुआ?"

घोडं अडलं ते शिंगाड्यांपाशी. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची आमची जत्रा, घरोघरी पाहुणे. तिच्या आदल्याच दिवशी तलावाच्या पाळीवरून शिंगाड्यांची दोन पोती गायब झाली. गावाची लाजच गेली. मावशी रेकॉर्डिंगला बसली आणि म्हणाली, "नाव नाही घेत मी. पन ज्यानं केलन, त्यानं लहानपनी नाकात चना घातला होता. मीच काढला."

झालं! सोमवारी सकाळी तिच्या अंगणात तिघं भांडायला हजर: उपसरपंच, किराणावाला आणि ट्रॅक्टरवाला. तिघांनीही लहानपणी नाकात चणा घातलेला! मला वाटलं, आता माझाही नंबर लागतो. मावशीनं चुलीवर खिचडी टाकली. "उपाशी पोटी कायले वरडता? जेवा, मंग भांडा." तिघं शिव्या घालत जेवले. दुसऱ्या दिवशी परत भांडायला आले, तिसऱ्या दिवशीही आले. उपसरपंच तर येताना घरचं लोणचं घेऊन आला.

शेवटी तंटामुक्ती समितीनं सभा बोलावली. फैसला साफ होता: चोराचं नाव सांगा, नाहीतर पॉडकास्ट बंद करा.

मी हात जोडले. "मावशी, सांग ना वं नाव!" एवढा वाढवलेला कार्यक्रम, ट्रकवाले रविवारची वाट पाहत असतात.

मावशी उठली, पदर सारखा केला. "बंद करतो मी."

सभेत हशा पिकला. म्हणजे हिला माहीतच नव्हतं! तिन्ही संशयितही पोट धरून हसले.

मला राग आला, गावाचा आणि तिचाही. तिला घरी सोडताना फाडफाड बोललो. "माहीत नोहतं तं बोललीस काऊन?"

"माहीत नाही कसं? पहिल्याच दिवशी बाकीचे दोघं गेले, आन् त्यानं कबूल केलन मायाजवळ. रडला बिचारा."

"मंग आज सांगतलं काऊन नाही?"

मावशीनं दाराचं कुलूप काढलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"रिटायर झाली तवापासून या दारात कोनी येत नोहतं रे. नाव सांगतलं असतं तं तो पोट्टा शरमेनं येनं बंद करन. आन् बाकीचे दोघं कायले येतीन?"

एवढं सगळं रेकॉर्ड केलं मी, आणि हे एक माझ्या कानावर आलंच नव्हतं. मला माझीच लाज वाटली. मी तिच्या पायरीवर बसलो. घरून भरपेट जेवून निघालो होतो.

"मावशी," म्हटलं, "मले भूक लागली."