रॉकेलातलं पाणी

प्रयोगशाळेतल्या बाईंना दोन वर्षांनी चार दिवसांची रजा मिळणार होती. अर्जावर फक्त साहेबांची सही बाकी होती, आणि साहेबांनी बजावलं होतं, "टाकीतल्या रॉकेलात पाणी किती विरघळलंय, त्याचे तीन सारखे आकडे दाखवा, मग सही." गाडी सहाची होती आणि तीन वाजून गेले होते.

काम तसं सोपं. सुईने थोडं रॉकेल यंत्राच्या भांड्यात सोडायचं, की यंत्र त्यातलं पाणी मोजतं. झाकण मात्र घट्ट हवं, कारण हवेतला दमटपणाही ते बिचारं पाणी म्हणूनच मोजतं. पहिला आकडा आला बावन्न. म्हणजे दहा लाख भागांत बावन्न भाग पाणी.

"बघू, बघू!" साहेबांनी सवयीने झाकण उचललं, आत डोकावून समाधानाचा लांबलचक सुस्कारा सोडला. साहेबांचा स्वतःच्या डोळ्यांखेरीज कशावरच विश्वास नव्हता.

दुसरा आकडा आला एकाहत्तर.

"असं कसं?" पुन्हा झाकण वर, पुन्हा साहेब आत. चष्मा बुडता बुडता वाचला.

तिसरा आला एकशे तीस.

"अहो बाई, एवढं पाणी रॉकेलात विरघळतच नाही! सुई ओली होती की काय?"

बाईंना कारण केव्हाच कळलं होतं. पण जिथे सहीवर रजा अडलेली, तिथे "साहेब, तुमचा श्वास आवरा" हे सांगायचं कोणत्या तोंडानं?

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. "निघालीस का? आई दुपारपासून चपला घालून बसलीये."

बाईंनी फोन ठेवला आणि चेहरा गंभीर केला. "साहेब, मला नमुन्याचीच शंका येतेय. नवीन आणायला हवा. पण दुसऱ्या कुणाच्या हातचा नको."

"मीच आणतो!" साहेब बाटली घेऊन निघाले. टाकी आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला होती, शिवाय चढायला शिडी.

घामाघूम होऊन ते परतले, तेव्हा कागदावर जुन्याच नमुन्याचे आकडे तयार होते. बावन्न, त्रेपन्न, बावन्न.

"पाहिलंत? मी स्वतः लक्ष घातलं म्हणून!" साहेबांनी हातातली भरलेली बाटली बाजूला ठेवून सही ठोकली. "तुम्ही निर्धास्त जा. चार दिवस मीच मोजतो."

दुसऱ्याच दिवशी फोन. "बाई, दोनशे दहा!"

बाईंना पहिल्यांदाच साहेबांची दया आली. "साहेब, कुणीतरी झाकण उघडून डोकावत असेल."

"असेल कुणीतरी," साहेब हळूच म्हणाले.

"त्याला जरा बाहेर उभं करा."

पाचव्या दिवशी बाई कामावर आल्या, तर दारावर साहेबांच्या अक्षरात पाटी होती, "मोजणी चालू असताना कुणीही आत येऊ नये." बाईंनी यंत्र लावलं. आकडा आला बावन्न. त्यांनी सहज मागे पाहिलं. दाराच्या काचेवर बाहेरून वाफेचा मोठा गोल उठला होता, आणि साहेब तो रुमालाने पुन्हा पुन्हा पुसत होते.