उत्तरेचा पाय

"ही? ही वंडी चालवते."

स्कूटर लावून मी स्कॅन सेंटरच्या दारात पोहोचले, तेव्हा आत्या काउंटरवरच्या बाईंना हे सांगत होती. "डॉक्टर भाची वेगळी. वासंती. कोइंबतूरला असते. हा स्कॅन तीच बघणार." वंडी म्हणजे माझी स्कूटर आणि ही म्हणजे मी, दुसरी भाची. त्या दिवशी मी आत्यासाठी रजा काढली होती. मी पुढे होऊन आत्याची पिशवी हातात घेतली. तशी सवय आहे मला.

आत्याने तंजावूरच्या एका शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. डावं-उजवं तिला मान्य नाही. "ते माणूस वळला की बदलतं. दिशा बदलत नाही," असं ती म्हणते. जेवतानासुद्धा "पश्चिमेकडची पच्चडीची वाटी सरकव" असा हुकूम येतो, आणि पाहुणे घास हातात धरून सूर्य कुठून उगवतो ते आठवत बसतात.

"कुठला पाय, अम्मा?" तंत्रज्ञाने विचारलं.

"उत्तरेचा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "डावा," मी म्हणाले.

"आत्ता उत्तरेचा," आत्या म्हणाली. "तुमच्या टेबलावर डोकं पूर्वेला केलंत तर दक्षिणेचा होईल. लिहून घ्या."

त्याने 'डावा' असं लिहिलं.

त्या पायाच्या अंगठ्याचा सांधा तीन महिने अधूनमधून वांग्यासारखा सुजत होता. चादर टेकली तरी आत्या कळवळायची. डॉक्टरांना गाउटचा संशय होता, पण रक्तातलं युरिक अ‍ॅसिड नेमकं ठीक आलं, आणि सांध्यातलं पाणी सुईने काढायला आत्या तयार नव्हती. म्हणून हा सीटी. दोन वेगवेगळ्या ताकदीच्या किरणांनी पायाचं चित्र काढतात, आणि युरिक अ‍ॅसिडचे कण साठले असतील तर संगणक तेवढी जागा हिरवी रंगवतो. तंत्रज्ञ हे सांगत होता तेव्हा आत्या त्याच्या खोलीची खिडकी कुठल्या दिशेला आहे ते बघत होती.

मी बाहेर तिची पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि वासंतीचा विचार करत राहिले. पाणी जास्त पी, हे मी दोन महिने सांगत होते. वासंतीने एकदा दोन शब्दांत लिहिलं, तर आत्याने ते दूधवाल्याला वाचून दाखवलं, शेजारच्या मामींना दाखवलं आणि तांब्या जवळ घेऊन बसली. वासंतीच्याही अंगठ्याला काहीतरी व्हावं, असं एकदा माझ्या मनात आलं होतं. लहानसंच.

चित्र हातात आलं. करड्या हाडांमध्ये अंगठ्याच्या मुळाशी हिरवागार ठिपका होता. आत्याने चष्मा पुसून तो बघितला आणि खूश झाली.

"हिरवं म्हणजे सपाट प्रदेश. गाळाची जमीन," ती म्हणाली. "तपकिरी असतं तर काळजी होती. अंगठ्याला काही झालेलं नाही."

मला खरं काय ते माहीत होतं. सांगितलं नाही. वासंतीला सांगू दे, असं वाटलं.

सांगितलं डॉक्टरांनीच. "अम्मा, हिरवं आहे तोच रोग. गाउटच आहे. पण गोळ्या नियमित घेतल्यात तर हळूहळू विरघळेल. पुढे त्रास राहणार नाही."

आत्या माझ्याकडे वळली. "अस्की जाईल म्हणतो?"

"हो, सगळं."

तिचा चेहरा उतरला. वाटेत घेतलेल्या गोळ्या तिने न बघताच पिशवीत टाकल्या.

घरी तिने आपला फोन माझ्या हातात दिला. "वासंतीला पाठव. स्पष्ट दिसायला हवं."

त्या दोघींचे निरोप मी कधी पाहिले नव्हते. फोटो जोडताना वरचं दिसलं. दिवाळीच्या शुभेच्छा. कुंडीतल्या जाईचा फोटो. 'जेवलीस का?' परत 'जेवलीस का?' कशालाच उत्तर नव्हतं. मग रक्ताचा रिपोर्ट, आणि त्याखाली चार मिनिटांत वासंतीचं उत्तर. एक्स-रे, लगेच उत्तर. पुन्हा जाई, पुन्हा काही नाही.

"कामात असते ती," आत्या म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं. "रिपोर्ट गेला की बघतेच." मग गोळ्यांची पाकिटं पिशवीत परत ठेवत तिने हळूच विचारलं, "या सावकाश सुरू केल्या तर चालतील ना? पोंगल झाल्यावर?"

मी फोटो पाठवला नाही. सरळ माझ्या फोनवरून तिला फोन लावला. वर्षभरात मी वासंतीला एकदाही फोन केला नव्हता, आणि आताही घंटी वाजत असताना मला तिचा हेवाच वाटत होता.

"काय झालं?" तिने उचलताच विचारलं. "रिपोर्ट वाईट आहे का?"

"नाही, अक्का. चांगला आहे," मी म्हणाले. "तू आत्याशी बोल."