नखुरडं आणि आतली खोली

“अगं, हात आहेत ते, करपलेलं पातेलं नाही. इतकं घासू नकोस, सालटं निघतील,” सासूबाई म्हणाल्या होत्या. तिने ऐकलं आणि पुन्हा साबण लावला. घरात रांगतं बाळ असताना सालटांची काळजी कोण करतो?

बाळाला घेण्याआधी साबण, खाली ठेवल्यावर साबण, दाराच्या कडीला बोट लागलं की जंतुनाशक. शिवाय घराला तिने एक कायदा घालून दिला होता: ज्याला शिंक, खोकला किंवा ताप, त्याची रवानगी आतल्या खोलीत. एकदा मिरपूड नाकात गेल्याने नवरा शिंकला, तर त्याचं ताटसुद्धा दाराबाहेरून सरकवलं गेलं.

हात आधी खरखरीत झाले, मग भेगाळले. भेगांवर जंतुनाशक झोंबायचं. झोंबतंय म्हणजे काम करतंय, असं ती मनाला समजवायची. शेवटी अंगठा नखाच्या कडेला ठणकू लागला, टम्म फुगला आणि अंगात कणकण आली.

“नखुरडं झालंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कातडी म्हणजे इमारतीचा वॉचमन. जंतूंना दारातच अडवतो. तुम्ही त्यालाच घासून घासून हाकलून दिलंत.”

“आणि हा पू?”

“आतले रहिवासी काठ्या घेऊन जिन्यात उतरलेत, त्यांची मारामारी.”

“मग ताप?”

“जंतूंना टिकता येऊ नये म्हणून त्या रहिवाशांनीच उकाडा केलाय. गोळ्या घ्या, पट्टी झाकलेली ठेवा. हात कामापुरते धुवा, वर मलम लावा. आणि बाळाला खुशाल घ्या.”

हे शेवटचं वाक्य ऐकायला घरचं कुणी बरोबर नव्हतं, तिथेच घात झाला.

घरी येऊन तिने बाळाकडे हात पसरले. सासूबाईंनी बाळ अलगद मागे घेतलं.

“कणकण आहे ना तुला?”

“आहे जराशी, पण डॉक्टर म्हणाल्या...”

“माझ्या सर्दीच्या वेळी माझाही डॉक्टर म्हणाला होता, किरकोळ आहे म्हणून,” नवरा म्हणाला. “तू ऐकलंस?”

“तुझी गोष्ट वेगळी होती!”

“बाळ तेच आहे,” सासूबाई म्हणाल्या. “जा बाई आत. कायदा तुझाच.”

कायदा इतका पक्का होता की त्याला पळवाट ठेवायचं तिलाच सुचलं नव्हतं. ती आतल्या खोलीत ठणकता अंगठा उंच धरून दाराला कान लावून बसली. सकाळपासून बाळ जवळ घेतलं नव्हतं. अंगठ्यापेक्षा तेच जास्त ठणकत होतं.

बाहेर बाळ रडलं. मग हसलं. मग काहीतरी खळ्ळकन सांडलं. मग नवऱ्याचा आवाज आला, “अरे, तोंडातून काढ! काढ म्हणतो ना!” आणि पाठोपाठ सासूबाई, “राहू दे आता. गिळलंच त्याने.”

“काय गिळलं?” ती दारावर डाव्या हाताने थापा मारत ओरडली.

“काही नाही गं. तू आराम कर.”

“अहो आई, काय गिळलं?”

रडणं नाही, हसणं नाही. घर एकदम चिडीचूप झालं. रांगतं बाळ जागं असताना घर शांत असणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी बाळ आहे त्यांना सांगायला नको.

तुम्ही दाराच्या त्या बाजूला आहात ना? मग हे वाचणं ठेवा बाजूला, आणि जरा हॉलमध्ये डोकावून बघा हो, बाळ काय करतंय. तिला काही सांगायला येऊ नका, फक्त बघा. नाही, नाही, सांगाच.