बाळ झोपलं की न पेटणारा गिझर

भावजींच्या मते गुन्हेगार तीन प्रकारचे असतात: पकडलेले, पकडले जाणारे आणि भावजींचं नाव ऐकून आधीच सुधारलेले. तिसऱ्या प्रकारातले सर्वांत जास्त, म्हणून तर ते कधी कुणाला दिसत नाहीत. विमा कंपनीत नुकसानभरपाईचे अर्ज तपासून तपासून त्यांची नजर इतकी तयार झाली होती, की जळकं गोदाम नुसतं बघून ते मालकाच्या सासऱ्याचा स्वभाव ओळखत. असं ते स्वतःच सांगत.

एवढ्या माणसाला गॅस गिझर दाखवायचा म्हणजे तोफेने डास मारण्यासारखं होतं. पण वहिनीचा इलाज नव्हता. मेकॅनिक सोमवारी येणार होता, नवरा ऑफिसात होता आणि अंगाला दुधाचा आंबूस वास येऊन येऊन ती स्वतःलाच कंटाळली होती. तिला एकच गोष्ट हवी होती. बाळ झोपलंय तोवर डोक्यावरून कढत पाण्याची अंघोळ. आणि नेमका तेव्हाच गिझर पेटत नव्हता.

"सगळं पहिल्यापासून सांगा," भावजी कुजबुजले.

बाळ झोपलं की या घरात सगळे कुजबुजतच. दारावरच्या बेलची तार काढून ठेवली होती. चमचे फडक्यावर ठेवले जात. नळसुद्धा एवढाच सोडायचा, की पाणी बादलीच्या कडेने चोरपावलांनी खाली उतरावं.

"नळ सोडला की आत टकटक होऊन ठिणगी पडते," ती म्हणाली. "आता पडत नाही."

"म्हणजे टकटक बेपत्ता आहे."

"ज्योतही."

"एका वेळी एकच प्रकरण घेऊ, वहिनी."

त्यांनी गिझरच्या पोटाखालची डबी उघडून दोन सेल बाहेर काढले, हुंगले आणि मृत घोषित केले. तिने नवे आणून दिले. भावजींनी ते बसवले, नळ हलकेच, सुतासारखा सोडला आणि दोघं कान लावून उभी राहिली. काही नाही.

"नवेही त्याच टोळीतले," भावजी म्हणाले.

मग त्यांनी गॅस संपल्याचं सिद्ध केलं. त्याच सिलिंडरच्या शेगडीवर दूध उतू गेल्यामुळे ते मागे घ्यावं लागलं. मग ठिणगीची तार भिंगातून तपासली. तार धडधाकट निघाली, तेव्हा ते फार दुखावले. पुन्हा सुतासारखा नळ, पुन्हा दोन कान, पुन्हा काही नाही.

"शेवटचा कधी पेटला होता?"

"सकाळी. बाळाच्या अंघोळीला."

"तेव्हा बाळ झोपलेलं होतं?"

"भावजी, त्याला अंघोळ घालत होते मी. किंचाळत होता."

"आणि काल?"

"कालही तसंच. दुपारी तो झोपला, मी गेले, तर गार पाणी."

भावजी बादली पालथी घालून तिच्यावर बसले. बराच वेळ त्यांनी दाराच्या फटीतून पाळण्याकडे पाहिलं. "वहिनी, सांगायला जीभ रेटत नाही. पण तो जागा असला की गिझर चालतो आणि झोपला की बंद पडतो. आरोपी घरातलाच आहे."

"त्याला अजून मान धरता येत नाही."

"म्हणूनच कुणाला संशय आला नाही. हेतू बघा ना: आईने आपल्याला सोडून कुठेही जाऊ नये."

हेतूत मात्र तिला काही खोट दिसेना.

एवढ्यात सासूबाई भाजी घेऊन आल्या आणि पाय धुवायला थेट बाथरूममध्ये शिरल्या. बादलीवर बसलेला मुलगा त्यांनी पाहिला, नळाची करंगळीहून बारीक धार पाहिली.

"चिमणीला पाणी पाजताय का?" असं म्हणून त्यांनी नळ पूर्ण सोडला.

टक, टक, टक. भक्क.

काचेमागे निळी ज्योत उभी राहिली. वहिनी आणि भावजी भूत पाहिल्यासारखे गोठले.

"अगं आई, तो झोपलाय," भावजी कुजबुजले.

"मग झोपू दे. पोटात होता तेव्हा घरात मिक्सर चालत नव्हता? पाण्याचा जोर नसला तर हा कशाला पेटेल? आत त्याचं बटण पाण्यानेच दाबलं जातं. गिझर बसवणाऱ्याने सांगितलं होतं, तेव्हा तू त्याचे बूट तपासत होतास."

पाळण्यातून आवाज आला नाही.

"मी त्याच निष्कर्षाकडे येत होतो," भावजी म्हणाले.

"बाहेरून या," वहिनी म्हणाली आणि तिने कडी लावली.

पहिला तांब्या अंगावर घेताच तिला रडणं ऐकू आलं. तिने नळ बंद केला. शांतता. नळ सोडला, टक टक भक्क, आणि पुन्हा रडणं. बंद केला. बाहेर फक्त सासूबाई मेथी निवडत भावजींना काहीतरी सुनावत होत्या. बाळ रडत नव्हतं. ते रडणं तिच्याच कानांत बसलं होतं. किती दिवसांपासून, कोण जाणे.

तिने नळ सोडला. रडणं पुन्हा आलं, या खेपेला जरा खरंही वाटलं. बाहेर दोन माणसं होती, त्यांना चार हात होते. तिने डोळे मिटले आणि नळ होईल तेवढा मोठा करून डोक्यावर पाणी घेतलं.