बाळाच्या सुरक्षित अंघोळीची सुधारित कार्यपद्धती

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुम्ही पाच महिन्यांचे आहात. (दोन्ही मिटलेत तर पुढचं वाचता येणार नाही, एकच मिटा.) तुम्हाला दात नाहीत, केस मोजकेच आहेत, आणि गेल्याच आठवड्यात तुम्ही पालथं पडायला शिकला आहात.

आता एक गंभीर सत्य ऐका. आजवर जगात जी जी माणसं आली, त्यांना लहानपणी कुणीतरी अंघोळ घातली, आणि त्यातली बरीचशी मोठी झाली. हे सगळं कुणाच्याही लेखी मंजुरीशिवाय झालं, याचं अशाच एका बाळाच्या बाबांना फार वाईट वाटायचं. ते कारखान्यात बॉयलरचे सुरक्षा निरीक्षक होते. एकोणीस वर्षांत त्यांचा एकही बॉयलर फुटला नव्हता. (एक फुसफुसला होता, पण ते जेवणाच्या सुट्टीत.) असा माणूस ओल्या बाळाला मात्र घाबरायचा. बॉयलरला धरायला कडी असते. बाळाला ती कुठेच नसते.

त्या दिवशी बाळाची आई दाढ काढायला निघाली. गाल धरून ती म्हणाली, "आज तू अंघोळ घाल. माझी आई मदतीला आहे. आणि हे बघ, फक्त अंघोळ. कारखाना उघडू नकोस."

 पण बाबांना बायकोला दाखवून द्यायचंच होतं. त्यांनी बावीस कलमांची कार्यपद्धती लिहून काढली आणि थोरल्या मुलीची बाहुली ताब्यात घेऊन अकरा वेळा रंगीत तालीम केली. अकराही वेळा बाहुली रडली नाही, निसटली नाही आणि जिथे ठेवली तिथेच राहिली. पद्धत शंभर टक्के निर्दोष ठरली.

मग पदांचं वाटप झालं. सासूबाई टॉवेल-प्रमुख. (टॉवेल दोन्ही हातांनी पसरून धरायचा, खाली टेकवायचा नाही.) मामा, म्हणजे बाळाच्या आईचा धाकटा भाऊ, तापमान-प्रमुख, एका हातात थर्मामीटर, दुसऱ्या हातात घड्याळ. बाबा स्वतः मुख्य नियंत्रक, एका हातात कागद लावलेली पाटी, दुसऱ्यात पेन. सहा वर्षांच्या थोरलीलाही पद मिळालं: दाराशी उभं राहून मध्ये न येणे. बाळाला तोवर मोठ्या पलंगाच्या मधोमध ठेवलं होतं. (पलंग आधी मोजून घेतला होता.)

टबात आधी गार पाणी, मग गरम. चार बोटं खोल, जास्त नाही. इथवर सगळं शहाणपणाचं होतं. सासूबाईंनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि सवयीनं पाण्यात कोपर घातलं.

"आई, कोपर बाहेर काढा," बाबा म्हणाले. "कोपराची शेवटची तपासणी कधी झाली होती?"

"तुमची बायको याच कोपरावर वाढलीय, जावईबापू."

"नोंद आहे का?"

"आहे की," सासूबाई टॉवेल पुन्हा पसरत म्हणाल्या. "दाढ काढायला गेलीय ती नोंद."

मामानं थर्मामीटर बुडवला. सदतीस! बाबांनी सदतीस लिहिलं, सही केली, मामाची सही घेतली, सासूबाईंचा अंगठा घेतला. (सही करायला टॉवेल सोडावा लागला असता.) तोवर पाणी चौतीसवर आलं. पुन्हा गरम पाणी, पुन्हा सह्या. तिसऱ्या फेरीत मामा म्हणाला, "भाऊजी, सह्या आधीच करून ठेवल्या तर?" बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की मामा घड्याळ बघू लागला.

अखेर चौथ्या फेरीत सह्या आणि पाणी एकाच वेळी तयार झाले. बाबांनी घसा साफ केला आणि कलम सोळा मोठ्यानं वाचलं: "बाळास पाण्यात उतरवावे."

कुणीच हललं नाही.

सासूबाईंनी मामाकडे पाहिलं, मामानं बाबांकडे, बाबांनी पाटीकडे. सहा हात होते आणि सहाही भरलेले होते.

"बाळ कुणाकडे आहे?" सासूबाईंनी विचारलं.

बाबांना पलंग आठवला. मग पालथं पडणं आठवलं. पाटी टबात पडली आणि एकोणीस वर्षांत कधी न धावलेला माणूस धावला. दाराशी थोरली नव्हती.

ती पलंगावर होती. बाळ अगदी कडेला, पालथं. आणि थोरलीचा हात त्याच्या पाठीवर घट्ट.

"कुणीच धरलं नव्हतं, म्हणून मी धरलं," ती म्हणाली. "बाबा, लवकर घ्या ना. माझ्या हाताला मुंग्या आल्यात."

बाबांनी बाळाला उचललं. आता त्यांचे दोन्ही हात रिकामे होते. मानेखाली एक हात, बुडाखाली दुसरा. सासूबाईंनी कोपरानं पाणी पाहिलं, मामानं टॉवेल धरला, आणि पाच मिनिटांत अंघोळ उरकली. टबातून काढून ठेवलेल्या ओल्या पाटीवर बाळानं जे केलं, तेवढी एकच नोंद त्या दिवशी कुणी मागितली नव्हती.

हसलात ना बाबांना? तुम्ही तर बावीस कलमं, पदं, सह्या सगळं एक डोळा उघडा ठेवून वाचलंत. बाळ पलंगावर एकटं आहे, हे वर स्पष्ट लिहिलं होतं. तुम्ही तिथे थांबलात?

थोरलीनं मग आपली बाहुली परत घेतली आणि उरलेल्या पाण्यात तिला अंघोळ घालायला बसली. मध्येच लक्षात आलं, टॉवेल खोलीत राहिलाय. तिनं ठिबकणारी बाहुली उचलून छातीशी धरली आणि तिला घेऊनच टॉवेल आणायला गेली.